पहिली बंदूक मापाची हवी

सप्टेंबर लागला की मिनेसोटातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांपैकी एखाद्या घरून फोन येतो. मुलगी बारा-तेरा वर्षांची झालेली असते. तिच्या मैत्रिणीच्या घरचे ऑक्टोबरात फेझंटच्या शिकारीला जातात आणि तिलाही जायचं असतं. फेझंट म्हणजे कोंबड्याच्या कुळातला, लांब शेपटीचा, मुळात आशियातून इकडे आणलेला पक्षी. मग प्रश्न येतो, "हिला बंदूक कुठली घ्यायची?" विचारणाऱ्या आईबाबांनी स्वतः कधी बंदूक हातात धरलेली नसते.

त्यात नवल नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा मार्ग बंद झाला. आपल्या पिढीनं बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर, किंवा कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर एखाद्या घरात. अमेरिकेत शिकार कायदेशीर आहे, पण मोकाट नाही. हंगाम, परवाना, दिवसाला किती पक्षी, सगळं ठरलेलं असतं. 1937 च्या एका कायद्यानुसार लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर 11 टक्के कर लागतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो.

बंदुकीच्या बाबतीत आपल्याला आपलीच एक सवय सोडावी लागते. आपण मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतो. गणवेश दोन बोटं मोठा, बूट एक नंबर मोठा. मीही माझ्या मुलीसाठी पहिली बंदूक तशीच घेतली, मोठ्या माणसाच्या मापाची, "चार वर्षांनी बरोबर बसेल" म्हणून. पहिल्याच दिवशी बंदुकीचा मागचा भाग, म्हणजे दस्ता, तिच्या खांद्यावर नीट टेकला नाही, दंडावर बसला. दंड काळानिळा झाला आणि पुढचे आठ महिने ती बंदुकीकडे फिरकली नाही. चूक सर्वस्वी माझी होती. आपल्याकडून ती होऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं सांगते.

पहिली पायरी: कायदा आणि वर्ग

दुकानात जाण्याआधी आपला व्हिसा पाहावा. ग्रीन कार्ड असलेल्यांना आणि नागरिकांना बंदूक घेता येते. पण एच-वन-बी, एल-वन, एच-फोर, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला एरवी बंदी आहे. राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. आपण या गटात असाल तर आधी वकिलाला विचारावं. भारतातून भेटीला आलेल्या आजोबांच्या हातात "धरून तर बघा" म्हणून बंदूक देऊ नये. त्यांनाही हाच नियम लागू होतो.

अठरा वर्षांखालच्या मुलांना दुकानदार बंदूक विकू शकत नाही. बंदूक पालक घेतात, अर्ज भरतात आणि त्यांची पार्श्वभूमी तपासली जाते. स्वतःच्या मुलीला भेट म्हणून बंदूक घेणं चालतं. मित्राचे पैसे घेऊन त्याच्यासाठी आपल्या नावावर घेणं हा गुन्हा आहे. ओळखीपोटी असं काम कधीही अंगावर घेऊ नये.

मिनेसोटात 31 डिसेंबर 1979 नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीच्या परवान्यासाठी बंदूक-सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. वर्गाला अकराव्या वर्षापासून बसता येतं. तारीख नीट पाहिली तर लक्षात येईल की आजच्या बहुतेक आईबाबांनाही हा नियम लागू आहे. मुलीच्या शेजारी बसून आपणही हा वर्ग करावा. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले नियम तिथल्या वन्यजीव खात्याकडून समजून घ्यावेत.

दुसरी पायरी: मूल तयार आहे का

वय हे एकच माप नाही. मूल सांगितलेलं पहिल्या वेळी ऐकतं का? "थांब" म्हटलं की जागच्या जागी थांबतं का? पाच किलोमीटर चालून, थंडीनं बोटं आखडल्यावरही त्याचं भान टिकतं का? या तीन प्रश्नांची उत्तरं "हो" असतील तर पुढे जावं.

आणखी एक विचारावं: हे त्यालाच हवं आहे, की मित्रांपुढे नाही म्हणता येत नाही? पक्षी पडल्यावर तो उचलायचा, साफ करायचा आणि खायचा असतो. हे मुलानं आधी बंदुकीशिवाय सोबत जाऊन पाहिलेलं बरं. एक हंगाम असा नुसता चालण्यात गेला तरी तो वाया जात नाही.

तिसरी पायरी: बोअर ठरवणं

पक्ष्यांच्या शिकारीला छर्ऱ्यांची बंदूक वापरतात. तिच्या काडतुसात एका गोळीऐवजी शेकडो बारीक छर्रे असतात आणि ते हवेत पसरत जातात.

"बारा बोअर" हा शब्द आपण ऐकलेला असतो. त्याचा हिशेब जुना आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होईल, म्हणून वीस बोअरची नळी बारीक असते. आकडा मोठा, नळी लहान. बारा बोअरची नळी सुमारे 18.5 मिलिमीटर रुंद असते, वीस बोअरची 15.6. इथे दुकानात बोअरला गेज म्हणतात.

नवशिक्या मुलांसाठी माझं उत्तर बहुतेक वेळा वीस बोअर असतं. बारा बोअरच्या साध्या काडतुसात सुमारे 32 ग्रॅम छर्रे असतात, वीस बोअरच्या 25 ग्रॅम. धक्का त्या मानानं कमी बसतो, फेझंटसाठी छर्रे पुरेसे असतात आणि काडतुसं सगळीकडे मिळतात. अठ्ठावीस बोअर आणखी सौम्य आहे, पण तिची काडतुसं महाग पडतात आणि प्रत्येक दुकानात नसतात.

इथे एक चूक फार होते. चारशे दहा नावाची अगदी बारीक नळीची बंदूक मिळते, नळी जेमतेम 10.4 मिलिमीटरची. लहान मूल, म्हणून लहान बंदूक, असं वाटून लोक ती घेतात. पण तिच्या नेहमीच्या काडतुसात सुमारे 14 ग्रॅमच छर्रे असतात. सहा नंबरचे छर्रे धरले तर वीस बोअरमधून दोनशेच्या आसपास निघतात, चारशे दहामधून साधारण एकशे दहा. छर्रे जितके कमी, तितका नेम अचूक असावा लागतो. ही मुरलेल्या हाताची बंदूक आहे. नवशिक्याच्या हातून तिनं पक्षी जखमी होऊन झुडपात शिरतो आणि सापडत नाही. मुलाच्या मनावर त्याचा फार भार राहतो, आणि पक्ष्यावर तर अन्यायच होतो.

चौथी पायरी: बंदुकीची रचना

काडतूस भरण्याच्या आणि बाहेर काढण्याच्या पद्धतीवरून बंदुकीचे चार मुख्य प्रकार पडतात.

पहिला, मधून मोडणारी एकनळी. एक काडतूस, एक बार. स्वस्त आणि समजायला सोपी. पण यातल्या अनेक बंदुकांना बाहेर दिसणारा घोडा असतो. तो अंगठ्यानं मागे ओढायचा आणि बार काढायचा नसेल तर सावकाश खाली सोडायचा. गार पडलेला छोटा अंगठा घसरला तर बार उडू शकतो. शिवाय ही बंदूक हलकी असते, म्हणून धक्का जोरात देते. साधी दिसते म्हणून ती मुलांसाठी चांगली, असं समजू नये.

दुसरा, दुनळी. नळ्या एकावर एक किंवा शेजारी शेजारी. मोडून हातावर घेतली की रिकामी आहे हे दहा पावलांवरूनही दिसतं. सुरक्षेच्या दृष्टीनं ही मला सगळ्यात आवडते, पण चांगली दुनळी महाग असते.

तिसरा, पंप. पुढची मूठ मागे ओढून पुढे सारली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. रेमिंग्टन 870 ही 1950 साली आलेली बंदूक आणि मॉसबर्ग 500 ही याची घरोघरी दिसणारी उदाहरणं. पंप बंदुका दणकट असतात, किंमत आवाक्यातली असते आणि दोन्हींची मुलांच्या मापाची रूपं मिळतात. अडचण एकच: हात आखूड असले तर मूठ पूर्ण मागे येत नाही आणि काडतूस मध्येच अडकतं. मुलांच्या बंदुकीत ही मूठ मुद्दाम जवळ बसवलेली असते. दुकानात ते तपासून घ्यावं.

चौथा, अर्धस्वयंचलित. बार उडाल्यावर पुढचं काडतूस आपोआप चढतं. यातल्या वायूवर चालणाऱ्या बंदुकांमध्ये बाराच्या वायूचा थोडा भाग यंत्रणा हलवण्यात खर्च होतो, त्यामुळे धक्का मऊ लागतो. नाजूक खांद्याला ही बरी. मात्र बार झाला तरी बंदूक भरलेलीच असते, हे नवशिक्याच्या ध्यानात राहत नाही. म्हणून पहिलं वर्षभर तिच्यात एका वेळी एकच काडतूस घालावं. पंपलाही हाच नियम लावावा.

पाचवी पायरी: दस्त्याचं माप

खांद्याला टेकतो तो बंदुकीचा लाकडी किंवा फायबरचा भाग म्हणजे दस्ता. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर हे मुख्य माप. मोठ्यांच्या बंदुकीत ते साधारण 14 इंच असतं, मुलांच्या बंदुकीत 12 ते 13. फरक इंच-दोन इंचांचाच आहे, पण सगळा खेळ त्यातच आहे.

तपासायची रीत सांगते. आधी दुकानदाराकडून बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी, मग स्वतः डोळ्यांनी पाहावं आणि बोटानंही चाचपावं. मुलीच्या अंगात शिकारीच्या वेळी घालायचं जाड जाकीट असावं, कारण ते दस्त्याच्या लांबीत भर घालतं. दुकानदार सांगेल त्या मोकळ्या दिशेला नळी ठेवून तिनं बंदूक खांद्याला लावावी आणि गाल दस्त्यावर टेकवावा.

आता बाजूनं पाहावं. मूठ धरलेला अंगठा आणि नाक यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर हवं. अंगठा नाकाला लागत असेल तर दस्ता आखूड आहे, आणि धक्क्यानं नाकाला मार बसेल. चापापर्यंत बोट ताणावं लागत असेल, किंवा दस्ता खांद्याच्या खळगीऐवजी दंडावर जात असेल, तर तो लांब आहे. कोपरात दस्ता टेकवून माप घेण्याची युक्ती बरेच दुकानदार दाखवतात. ती अंदाजापुरती ठीक, तिच्यावर विसंबू नये.

मग मूल वाढलं की काय, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी दस्ता आणि मागची रबरी गादी यांच्यामध्ये चकत्या घालता येतील अशी बंदूक घ्यावी. मूल वाढेल तशी एकेक चकती वाढवायची. काही बंदुकांना पुढे मोठा दस्ता बसवता येतो. म्हणजे आजच्या मापाची घेऊनही पैसे वाया जात नाहीत. नळी मात्र घरी कधीही कापू नये. 18 इंचांहून आखूड नळीची बंदूक नोंदणीशिवाय बाळगणं हा गंभीर गुन्हा आहे.

सहावी पायरी: वजन आणि धक्का

काडतूस तेच ठेवून बंदूक हलकी केली की धक्का वाढतो. जड बंदूक धक्का स्वतःत मुरवते, पण मुलाला ती दिवसभर वाहायची असते. मधला मार्ग काढायला एक जुना आडाखा आहे. ग्रीनर या बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरानं सांगितलं होतं की बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या 96 पट असावं. 25 ग्रॅम छर्ऱ्यांना हे 2.4 किलो होतं, 32 ग्रॅमना तीन किलोच्या वर. मुलांच्या वीस बोअरसाठी अडीच ते तीन किलोंची बंदूक मला योग्य वाटते.

पेलते की नाही, हे पाहायला मुलीला बंदूक खांद्याला लावून अर्धा मिनिट उभं राहू द्यावं. ती कमरेतून मागे झुकू लागली किंवा नळीचं तोंड खाली येऊ लागलं, तर ती बंदूक तिच्यासाठी जड आहे. ती "जमतंय" म्हणेल. तिच्या पाठीकडे पाहून ठरवावं.

सातवी पायरी: डोळा कोणता

हाताप्रमाणे डोळाही डावा-उजवा असतो. नेम धरताना मेंदू एका डोळ्याचं जास्त ऐकतो. दोन्ही तळव्यांमध्ये लहानसं भोक करून, दोन्ही डोळे उघडे ठेवून मुलीला त्यातून दूरचा दिवा पाहायला सांगावा. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं दिवा भोकातच दिसत राहील, तो तिचा नेमाचा डोळा.

उजवा हात आणि डावा डोळा, अशी जोडी पुष्कळ मुलांत निघते. नवशिक्यांनी अशा वेळी सुरुवातीपासून डोळ्याच्या बाजूच्या खांद्यावर बंदूक धरायला शिकणं सगळ्यात बरं. म्हणून ही चाचणी खरेदीच्या आधीच करावी. डावखुऱ्यांसाठी सुरक्षेचा खटका कुठे आहे, हेही पाहावं. मॉसबर्ग 500 चा खटका वरच्या बाजूला असतो, दोन्ही अंगठ्यांना सारखाच सापडतो.

आठवी पायरी: चोक आणि काडतुसं

नळीच्या तोंडाशी किंचित आवळपणा असतो, त्याला चोक म्हणतात. आवळपणा जास्त, तर छर्रे जास्त वेळ एकत्र राहतात. पूर्ण चोकमधून 40 यार्डांवर, म्हणजे साधारण 37 मीटरवर, 30 इंचांच्या वर्तुळात 70 टक्के छर्रे पडतात. नवशिक्याला इतकी दाट धार नको. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर नावाच्या सैल चोकनं सुरुवात करावी आणि पंचवीस मीटरच्या पुढे बार काढायचा नाही असं ठरवावं. चोक बदलता येणारी बंदूक घेतली की पुढची सोय होते.

काडतुसं सरावाला हलकी घ्यावीत. "मॅग्नम" लिहिलेली जड काडतुसं मुलांच्या हाती देऊ नयेत. बदक-हंसांच्या शिकारीला 1991 पासून देशभर शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी आहे. पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या संघीय जमिनींवर फेझंटसाठीही बिनशिशाचे छर्रे लागतात, आणि पश्चिम मिनेसोटात अशा जमिनी खूप आहेत. जुन्या आवळ नळीत पोलादी छर्रे घालण्याआधी जाणकाराला विचारावं.

आता सगळ्यात धोक्याची चूक. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत गेलं तर ते घरंगळत पुढे जाऊन नळीत अडकतं. बंदूक रिकामी दिसते. मागून बारा बोअरचं काडतूस भरून चाप ओढला की नळी हातात फुटते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत पडली. दोन्ही बोअरची काडतुसं एका खिशात, एका पिशवीत कधीही ठेवू नयेत.

नववी पायरी: जुनी घ्यायची असेल तर

मुलांच्या बंदुका दोन-तीन वर्षांत अपुऱ्या पडतात, त्यामुळे जुन्या पण चांगल्या मिळतात. नळी उजेडाकडे धरून आतून पाहावी. खड्डे, गंज किंवा पोचा दिसला तर सोडून द्यावी. दस्त्याच्या मानेला, म्हणजे मूठ धरतो त्या अरुंद जागी, तडा आहे का ते पाहावं. काडतुसाची लांबी नळीवर कोरलेली असते, तीही वाचावी. घेतल्यावर एकदा बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून तपासून घ्यावी.

दहावी पायरी: पहिला दिवस

पहिला बार शेतात काढू नये, मैदानावर काढावा. कानांना आणि डोळ्यांना संरक्षण हवंच. या बंदुकीचा आवाज 140 डेसिबलच्या वर जातो आणि एका बारानंही कान कायमचे दुखावू शकतात. मातीच्या तबकड्यांवर सराव करावा. सुरुवातीला स्थिर ठेवलेल्या, मग समोर सरळ जाणाऱ्या. दहा-पंधरा बार पुरे. मुलगी "अजून" म्हणत असतानाच थांबावं.

बार काढताना ती डोळे मिटत असेल, खांदा आधीच पुढे ढकलत असेल, तर तिच्या मनात धक्क्याची भीती बसू लागली आहे. तिथेच थांबून माप आणि काडतूस पुन्हा तपासावं. रागवून ही सवय जात नाही.

चार नियम मात्र पाठ नाही, अंगवळणी पडायला हवेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. नळी माणसाकडे वळवायची नाही. बार काढेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. आणि निशाणा नेमका काय आहे, त्याच्या पलीकडे काय आहे, हे ठाऊक असल्याशिवाय बार नाही. फेझंटमध्ये फक्त नर मारता येतो. पक्षी ओळखला नाही तर तो जाऊ द्यायचा. मिनेसोटात कमरेच्या वर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा घालणंही बंधनकारक आहे.

अकरावी पायरी: घरात

बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली मुलांना ठाऊक नसलेल्या जागी. भरलेली बंदूक मुलांच्या हाती लागेल अशी ठेवणं मिनेसोटात गुन्हा आहे. बंदूक मुलीची असली तरी कुलूप आपलं. मूल खचलेलं, गप्प गप्प वाटू लागलं तर बंदूक काही काळ घराबाहेर, विश्वासातल्या जागी कायदेशीरपणे ठेवावी. त्यात संकोच करू नये.

आणि दर सप्टेंबरात मुलीला जाकीट घालून रिकाम्या बंदुकीसह पुन्हा उभं करावं. अंगठा आणि नाक यांच्यातली बोटं मोजावीत. आमच्या घरी दाराच्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. आठ महिन्यांनी आम्ही तिच्या मापाची वीस बोअर घेतली, तेव्हापासून त्या खुणांशेजारी मी दस्त्याचं मापही लिहू लागले. पहिला आकडा साडेबारा इंच आहे. तो आकडा लिहिला त्या हिवाळ्यात तिचा दंड एकदाही काळानिळा झाला नाही.